तीस मिलीलीटरची टेस्ट केस

मंडळी, या वीकांताचा विषय जरा ओला आहे. चहा पिता पिता वाचायची सवय असेल तर खुशाल वाचा, किळस येण्यासारखं यात काही नाही. संकोच वाटण्यासारखं मात्र असेल कदाचित. पण त्या संकोचाबद्दलच तर लिहायचंय.

विषय आहे पॅड. पाळीसाठीचा पॅड, आणि त्याचा एक भाऊबंद, ज्याचं नाव घरात कुणी काढत नाही, म्हणजे लघवी गळते त्यासाठीचा पॅड.

मी शिकले मेकॅनिकल आणि पोटापाण्यासाठी करते सॉफ्टवेअर टेस्टिंग. (पनवेलमधल्या अर्ध्या इंजिनियरांची हीच कथा आहे, त्यामुळे हसू नका.) टेस्टिंगवाल्या माणसाला एक खोड असते. कुठलीही वस्तू हातात आली की आधी विचारायचं, याचं स्पेसिफिकेशन कुठाय? म्हणजे ही वस्तू "चालते" असं कुणी, कशावरून ठरवलं?

तर पॅडलाही स्पेसिफिकेशन आहे. भारतीय मानक, आयएस ५४०५. २०१९ साली ते नव्याने लिहिलं गेलं, पण त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षं आपल्याकडे १९८० सालची आवृत्ती चालत होती. म्हणजे आपल्या आया-मावश्यांनी वापरलेला विकतचा पॅड याच कागदावर बेतलेला. त्यातली शोषणाची टेस्ट वाचून मला फार गंमत वाटली. पॅड टेबलावर ठेवायचा. त्याच्या मधोमध ३० मिलीलीटर द्रव सोडायचा. द्रव म्हणजे रंगीत पाणी, नाहीतर मेंढी-बकरीचं न गोठणारं केलेलं रक्त. वेग मिनिटाला १५ मिलीलीटर. मग वरून एक किलोचं वजन मिनिटभर ठेवायचं. खालून किंवा कडेने काही बाहेर दिसलं नाही की पॅड पास.

तीस मिलीलीटर म्हणजे सहा चहाचे चमचे. एका पाळीत सगळे दिवस धरून सरासरी ३० ते ४० मिलीलीटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं की डॉक्टर त्याला जास्त म्हणतात. रक्ताबरोबर इतर स्रावही असतात, त्यामुळे एकूण आकडा याहून मोठा. तरीही एकाच पॅडवर दोन मिनिटांत तीस म्हणजे मापाच्या बाबतीत टेस्ट चांगली कडक आहे. मग कडक टेस्ट पास झालेले पॅड गळतात का? कारण बायकांना विचाराल तर सगळ्या सांगतील, गळतात. हमखास गळतात. आणि नेमके पांढरा ड्रेस घातला असेल त्या दिवशी गळतात.

टेस्टिंगच्या भाषेत सांगायचं तर, टेस्ट पास आणि युजर नापास. असं झालं की दोष बहुतेक वेळा कोडमध्ये नसतो, टेस्ट केसमध्ये असतो.

म्हणून एका शनिवारी मी चार प्रकारचे पॅड आणले, दहा मिलीलीटरची एक सिरिंज घेतली, लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घालून सलाइनसारखं पाणी केलं आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रयोगशाळा मांडली. एक किलोचं वजन म्हणून तूरडाळीचं न फोडलेलं पाकीट. आईने एकदा डोकावून पाहिलं आणि "डाळ परत डब्यात जाणार नाहीये ना?" एवढंच विचारून निघून गेली.

आधी एक पॅड उसवून पाहिला. बाहेरून कापसाची घडी दिसते, पण आत कापूस नसतोच. सगळ्यात वर अंगाला लागणारा पातळ थर, न विणलेल्या कापडाचा किंवा बारीक भोकं पाडलेल्या प्लास्टिकचा. याचं काम द्रव खाली जाऊ द्यायचं आणि आपण कोरडं राहायचं. त्याखाली एक भुसभुशीत, हवेशीर थर. त्याखाली गाभा, म्हणजे पाइनच्या लाकडाच्या लगद्याचे तंतू आणि त्यात मिसळलेले साखरेसारखे दाणे. सगळ्यात खाली न झिरपणारी प्लास्टिकची फिल्म, तिच्यावर गोंदाचे पट्टे आणि पट्ट्यांवर कागद.

हे दाणे म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, महाशोषक पॉलिमर. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत स्टार्चपासून असे शोषक पदार्थ बनवण्याचं काम १९६०-७० च्या दशकांत झालं. डोक्यात होती शेती, म्हणजे जमिनीत पाणी धरून ठेवायचं. पुढे १९७८ च्या सुमारास जपानमध्ये हे पॉलिमर पॅडमध्ये घालून विकायला लागले. शेतीसाठी शोधलं आणि कुठे पोचलं बघा!

या दाण्यांची एक गंमत घरी करून बघण्यासारखी आहे. साध्या पाण्यात टाकले तर ते आपल्या वजनाच्या शेकडोपट पाणी पिऊन जेलीसारखे फुगतात. त्या जेलीवर चिमूटभर मीठ टाका. जेली बसते, पाणी सुटतं. कारण हे शोषण चालतं ऑस्मोसिसवर. दाण्याच्या आत क्षार जास्त, बाहेर कमी, म्हणून पाणी आत ओढलं जातं. बाहेरच क्षार वाढले तर ओढ कमी होते. अंगातला कुठलाही द्रव खारट असतो, त्यामुळे सलाइनमध्ये हीच शोषणक्षमता शेकडोपटीवरून तीस-पन्नासपटीवर येते. रक्तात तर आणखी कमी, कारण पेशी आणि प्रथिनं दाण्यांभोवती चिकटून वाट अडवतात. जाहिरातीत निळं पाणी का दाखवतात, याचं सगळ्यांना माहीत असलेलं कारण लाज. पण इंजिनियरिंगच्या बाजूनेही ते सोयीचंच म्हणायचं. निळं पाणी पिणं सोपं आहे.

असो. टेस्टकडे येऊ. ओट्यावर सपाट ठेवून, सावकाश सिरिंज दाबत तीस मिलीलीटर सोडलं. चारही पॅड पास. तूरडाळ कोरडी.

मग मी दोन टॉवेल घट्ट गुंडाळले, शेजारी शेजारी ठेवले आणि पॅड त्यांच्या मध्ये खोगिरासारखा वाकवून बसवला. म्हणजे मांड्या. वाकवताच जाड पॅड मधोमध गोळा झाला, त्याची दोरी झाली. पातळ पॅड गोळा झाला नाही पण त्याला आडव्या चुण्या पडल्या. आता तोच द्रव, तोच वेग. जाड पॅडवरून पाणी चुणीच्या वाटेने सरळ कडेला गेलं आणि टॉवेल ओला. गाभ्याचा पुढचा-मागचा भाग मात्र कोरडा ठणठणीत! म्हणजे क्षमता शिल्लक होती, पण पाणी तिथवर पोचलंच नाही.

माझ्या दृष्टीने पॅडच्या डिझाइनचा खरा प्रश्न हा आहे. अंग सपाट नसतं. पॅड लांबीत पुढून मागे वाकतो आणि रुंदीत दोन्ही बाजूंनी दाबला जातो, तेही बाई चालत असताना, जिना चढताना, फळीवर मांडी घालून बसताना, दर पावलाला वेगळा. चपटी वस्तू दोन दिशांनी एकदम वाकवली की तिला कुठेतरी मुडपावंच लागतं. ते टाळता येत नाही. डिझायनरच्या हातात एवढंच असतं की मुडप कुठे पडावी हे आपण ठरवायचं.

साडी नेसणारीला हे वेगळं सांगायला नको. कापड कुठेतरी गोळा होणारच, मग ते आपणच निऱ्या घालून शिस्तीत गोळा करायचं. चांगल्या पॅडवर ज्या दाबून काढलेल्या रेषा दिसतात त्या नक्षी नाहीत, निऱ्या आहेत. तिथे गाभा दाबून घट्ट केलेला असतो, त्यामुळे पॅड त्याच रेषेवर दुमडतो. शिवाय घट्ट तंतूंच्या मधल्या फटी बारीक, आणि बारीक फटीत पाणी जास्त ओढीने चढतं (दिव्याची वात आठवा). म्हणून त्याच रेषा पाणी मधून लांबीकडे वाहूनही नेतात. एका रेषेची दोन कामं. कडेच्या विंग्जचं काम निव्वळ चिकटून राहण्याचं नाही, कडा आत मुडपू न देण्याचं आहे. आणि पॅड पातळ करायचा तो दिसू नये म्हणून तर आहेच, पण पातळ वस्तू वाकताना कमी भांडते म्हणूनही.

हे सपाट टेबलावर कळत नाही. कोईमतूरच्या अरुणाचलम मुरुगनाथम यांनी स्वस्त पॅडचं यंत्र बनवताना (त्यासाठी त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली) फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये बकरीचं रक्त भरून ते स्वतःच्या कमरेला बांधलं आणि चालले, पळले, सायकल चालवली. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. सिनेमात तो प्रसंग विनोदी वाटतो. टेस्टर म्हणून मला तो सगळ्यात शहाणा वाटतो, कारण त्यांनी टेस्ट टेबलावरून उचलून चालत्या माणसावर नेली. त्यांचा आधीचा कापूस का चालत नाही, हे तिथेच उघडं पडलं. पुढे दोनेक वर्षं खटपट केल्यावर त्यांना पत्ता लागला की मोठ्या कंपन्या लाकडाचा लगदा वापरतात.

इथवर सगळं पाळीबद्दल झालं. आता आत्याबद्दल. (तिची परवानगी घेतली आहे. नाव घालायचं नाही आणि "उगीच रडकं लिहायचं नाही" या दोन अटींवर.)

आत्या अठ्ठावन्नची. जुन्या पनवेलात राहते, भजनी मंडळात पेटी वाजवते. गेल्या वर्षी मंडळाची पाली-महडची एक दिवसाची ट्रिप ठरली आणि आत्याने ऐनवेळी गुडघ्याचं निमित्त करून नाव काढलं. गुडघे तर ठणठणीत. मग लक्षात यायला लागलं की ती लग्नाला जाते पण जेवायला थांबत नाही. मुंबईला जायचं म्हणजे पनवेलहून सीएसएमटीपर्यंत हार्बरने सव्वा तासाच्या वर, लोकलमध्ये संडास नाही, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायची नाही. मी ओट्यावर प्रयोग मांडलेत हे आईकडून कळल्यावर एकदा घरी आली, पॅड उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "यातला कुठला लघवीला चालतो गं?"

मी म्हटलं, "कुणाला हवाय?"

"हवाय एकीला."

मग थोड्या वेळाने, "मलाच. खोकला आला, शिंक आली की होतं. हसले की होतं. सात-आठ वर्षं झाली. मी आपली पाळीचाच लावते. पण तो लगेच वर ओला लागतो, वासही येतो. पेटी वाजवायला बसते तर जीव सगळा तिकडेच."

सात-आठ वर्षं! आणि आमच्या घरात आत्याचं शुगर, बीपी, दाढदुखी सगळं सगळ्यांना पाठ आहे.

तर मी ओट्यावर आणखी एक टेस्ट लावली. मानकातला वेग मिनिटाला १५ मिलीलीटर, म्हणजे सेकंदाला पाव मिलीलीटर. खोकल्यासरशी जे जातं ते कधी थेंबभर, कधी दोन चमचे, पण जातं एका झटक्यात. दहा मिलीलीटर एका सेकंदात धरा. हा वेग मानकातल्या वेगाच्या चाळीसपट झाला. सिरिंज एकदम दाबली. पाळीच्या पॅडवर पाणी आधी वरच्या वर पसरलं, कडेपर्यंत पळालं आणि मग सावकाश आत गेलं. माप फक्त दहा, तीसच्या टेस्टमध्ये पास झालेला पॅड, आणि तरी टॉवेल ओला.

पनवेलकरांना हे समजावायला सिरिंज नको. पूर किती पाऊस पडला त्याने येत नाही, किती वेळात पडला त्याने येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. तोच पाऊस महिनाभर पडला असता तर कुणाला तारीख आठवली नसती. नवी मुंबई वसवताना सिडकोने म्हणूनच धारण तलाव काढले. भरतीमुळे खाडीत पाणी सोडता येत नाही, तेवढा वेळ पावसाचं पाणी तलावात थांबवायचं, ओहोटी लागली की सोडायचं. पॅडमधला तो भुसभुशीत, हवेशीर थर म्हणजे धारण तलाव. दाण्यांना पाणी प्यायला वेळ लागतो. तोवर झटक्यात आलेलं पाणी कुठेतरी थांबवायला पाहिजे, पसरवायला पाहिजे. लघवीच्या पॅडमध्ये हा थर जाड आणि उघडा ठेवतात, कडेला उभ्या भिंती देतात, आणि दाण्यांचं प्रमाण जास्त ठेवतात. त्यातही एक मेख आहे. दाणे एकाच जागी दाटीने असतील तर वरचे दाणे आधी फुगून खालच्यांची वाटच बंद करतात. गटाराच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी अडकावी तसं. म्हणून दाणे कुठे पेरायचे हेही डिझाइन आहे, आणि काही पॅडमध्ये गाभ्यात मुद्दाम मोकळ्या चाऱ्या ठेवतात.

वासाचं कारणही वेगळं. ताज्या लघवीला तसा फार वास नसतो. जिवाणू युरियाचं अमोनियात रूपांतर करतात, त्याने वासही येतो आणि आम्लता कमी होऊन कातडी सोलवटते. त्यामुळे या पॅडला वरचा थर कोरडा ठेवणं आणि आम्लता राखणं ही दोन जास्तीची कामं आहेत. पाळीचा पॅड दाट, चिकट आणि सावकाश येणाऱ्या द्रवासाठी बनवलेला. (दाट द्रवाची नक्कल म्हणून मी तांदळाची पातळ पेज वापरली. तिला मोठी भोकं लागतात, पाण्याला बारीक फटी चालतात.) दोन्ही वस्तू दिसायला जुळ्या, पण सोडवतात वेगवेगळी गणितं. एकीचं काम दुसरीकडून करून घेणं म्हणजे स्कूटरच्या ब्रेकवर ट्रक थांबवणं.

मग आत्यासाठी पॅड आणायला निघाले. आमच्या भागातल्या मेडिकलवाल्याने पाळीचे आठ प्रकार दाखवले, तेही काळ्या पिशवीत घालून. लघवीसाठी हलका पॅड म्हटल्यावर थेट मोठ्या माणसांचा डायपर काढला, खोक्यावर व्हीलचेअरवरच्या आजोबांचं चित्र. मधलं काही नाहीच. पेटी वाजवणाऱ्या, स्वतः बाजारहाट करणाऱ्या बाईला डायपर लावायला सांगा बरं! शेवटी ऑनलाइन मिळाला.

पण पॅड हा इलाज नाही, हेही लिहायला हवं. मी आत्याला स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी आधी लघवी तपासली, कारण साध्या इन्फेक्शननेही असं होऊ शकतं. मग ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले. अर्नॉल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९४८ साली हे व्यायाम मांडले, आजही खोकल्या-शिंकेच्या गळतीला आधी हेच सांगतात. बाळंतपणांनी आणि पाळी गेल्यावर हे स्नायू सैल पडतात, आणि स्नायू म्हटला की तो कमावता येतो. पाणी कमी पिण्यावरून मात्र आत्याला ओरडा बसला. लघवी दाट झाली की मूत्राशय जास्त चिडतं. तीन-चार महिन्यांत बराच फरक पडला. "पूर्ण गेलं नाही, पण आता मी हसते," असं तिने स्वतःच सांगितलं.

आता मूळ मुद्दा. आत्याच्या गरजेची वस्तू बनवणं अवघड नाही, बनतेही. मग ती तिच्यापर्यंत पोचत का नाही? आयटीत कुठलंही प्रॉडक्ट फसलं की शोध घेता घेता आपण एकाच ठिकाणी येतो, रिक्वायरमेंट घेताना कुणाला विचारलं होतं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाळीच्या स्वच्छतेचा प्रश्न १५ ते २४ वयाच्या मुलींना विचारतात. २०१५-१६ ला सुमारे ५८ टक्के मुली स्वच्छ साधन वापरत होत्या, २०१९-२१ ला सुमारे ७७ टक्के. आनंदाची गोष्ट आहे. विचारलं, मोजलं, म्हणून हललं. पण त्या सर्वेक्षणात बायकांची मुलाखतच मुळात १५ ते ४९ वयापर्यंत. आत्या तिथेच गळाली. ८ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारने अस्मिता योजना आणली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. पुन्हा चांगली गोष्ट, पुन्हा वय शाळेचं. जीएसटीचं बघा. जुलै २०१७ मध्ये पॅडवर १२ टक्के लागला, बायकांनी आवाज उठवला, जुलै २०१८ मध्ये शून्य झाला. डायपरवरचे १२ टक्के तसेच राहिले, ते २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ वर आले. सात वर्षांचा फरक, कारण एका वस्तूसाठी बोलायला तरुण मुली होत्या आणि दुसरीसाठी बोलायला कुणाला तोंडच नव्हतं.

विचारलं की काय होतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. हे १९८९ साली "लॅन्सेट"मध्ये आलं. तोवर बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जायचं. दुखणी तर आधीपासून होतीच, विचारणारं कुणी नव्हतं.

आणखी एक न विचारलेला युजर म्हणजे कचरा वेगळा करणारी बाई. पॅडचे थर एकमेकांना गोंदाने असे चिकटवलेले की लगदा, दाणे, प्लास्टिक काही वेगळं निघत नाही. ते हाताळायचं कुणी, हा प्रश्न डिझाइनच्या टेबलावर आलाच नव्हता. पुण्याच्या "स्वच्छ" संस्थेच्या कचरावेचक बायकांनी २०१३ मध्ये वापरलेल्या पॅडच्या पिशव्या भरून थेट उत्पादक कंपन्यांना पाठवल्या. याला म्हणतात बग रिपोर्ट! पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅडबरोबर गुंडाळायला पिशवी द्यायची जबाबदारी कंपन्यांवर घातली गेली. आणि पुण्यातच अजिंक्य धारिया यांच्या पॅडकेअर लॅब्जने वापरलेल्या पॅडमधून लगदा आणि प्लास्टिक वेगळं काढायचं तंत्र उभं केलं.

म्हणून मी एक रिक्वायरमेंट डॉक्युमेंट लिहायला घेतलंय, आत्या आणि तिच्या मंडळातल्या बायकांशी बोलून. एकीने तोंड उघडलं तशा आणखी चौघी बोलल्या. त्यातल्या काही ओळी मला कुठल्याही मानकात सापडल्या नसत्या. एक, साडीच्या आत चड्डी न घालणाऱ्या बायका अजून खूप आहेत, त्यांना गोंदाचा पॅड चिकटवायचा कशाला? त्यांच्यासाठी नाडीचा किंवा पट्ट्याचा पाहिजे. दोन, खाली मांडी घालून तासभर बसल्यावर गळायला नको. तीन, कागद काढताना आवाज नको, लोकलच्या लेडीज डब्यात आणि लग्नघरात तो सगळ्यांना ऐकू जातो. चार, बोटांत सांधेदुखी असली तरी उघडता आला पाहिजे. पाच, कोकणातल्या दमट हवेत पुरळ नको, म्हणजे खालची फिल्म वाफ बाहेर सोडणारी हवी. सहा, पाकिटावर म्हातारं माणूस नको.

सहावी ओळ पेटीवालीची आहे, हे सांगायला नकोच. :-)

यातली एकही मागणी तंत्राच्या आवाक्याबाहेरची नाही. निऱ्या घालता येतात, धारण तलाव बांधता येतो, वाफ सोडणारी फिल्म मिळते. अडलंय ते पहिल्या पायरीवर. तेव्हा या रविवारी एक काम करा. आई, आत्या, मावशी, सासूबाई, जी कुणी हल्ली ट्रिपला नको म्हणते, प्रवासात पाणी पीत नाही, हसताना पाय आवळून बसते, तिला एकटीला गाठा आणि सरळ विचारा. "खोकताना होतं का गं?" एवढंच पुरतं. मुलग्यांनो, तुम्हाला अवघड वाटत असेल तर बहिणीला, बायकोला सांगा, पण विषय काढा. पहिल्यांदा उत्तर "छे" येईल. थोडं थांबा, चहा टाका. उत्तर येतं.